पाठमोरी छाप

खामगाव स्टेशनातून जलंबची गाडी सुटली की माझ्या दुकानातल्या फळीवरचे लोखंडी पाने हलकेच एकमेकांवर वाजत. सकाळी त्या आवाजावर मी कामाला बसत असे. शिवणयंत्रं, पाणी ओढायचे पंप, तागड्या, कंदील, एकदा तर कचेरीच्या भिंतीवरचं मोठं घड्याळ. बिघडलेलं काहीही माझ्याकडे यायचं आणि चालू होऊन परत जायचं. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं सगळं हातांनी शिकलो. मला रंगराव म्हणणारे गावात थोडेच होते, बाकी सगळ्यांना मी मिस्तरी. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढची हकीकत कुठल्या डोक्याचा माणूस सांगतो आहे, ते ऐकणाऱ्याला माहीत असावं एवढ्यासाठी सांगतो. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नव्हता. आजही फारसा नाही.

१९६६ च्या पावसाळ्यात मी एक खेळ बनवला. तेव्हा खामगावच्या बाजारात भिंतीभिंतीवर व्यापाऱ्यांचे मार्के रंगवलेले असत. मोर छाप तेल, हत्ती छाप पेंड, ससा छाप चहा. वाचता न येणारी माणसंही चित्र पाहून माल मागायची. एक दिवस दुकानात बसल्या बसल्या मनात आलं, या सगळ्या मार्क्यांना गाड्यांवर बसवून त्यांची शर्यत लावली तर?

पंधरा फूट लांबीचं सागवानी टेबल केलं. तीन तुकड्यांत, बोल्टांनी जोडायचं, म्हणजे ट्रकमध्ये नेता यावं. त्यात सहा खाचा, आणि प्रत्येक खाचेत वीतभर लांबीची एक गाडी. जुन्या बेअरिंगांची चाकं लावली, फुंकर मारली तरी फिरायची. टेबलाच्या एका टोकाला सहा हॅण्डलं. हॅण्डल फिरवलं की खाली लाकडी रीळ फिरे आणि मेण लावलेली दोरी त्यावर गुंडाळली जाई. ती दोरी टेबलाखालून पलीकडच्या टोकाच्या कप्पीवरून वळून गाडीला बांधलेली होती. त्यामुळे खेळणारे ह्या टोकाला उभे, आणि गाड्या त्यांच्यापासून दूर धावत जायच्या. मध्यावर नऊ इंचांचा एक चढ ठेवला होता. चढ पार करून जी गाडी आधी पोचेल तिचं निशाण आपोआप वर उठे. तंट्याला जागाच नव्हती.

खरी कारागिरी गाड्यांच्या स्वभावात होती. मोराचं रीळ मोठं, म्हणून तो सुरुवातीलाच पुढे निघे. पण वजनाला हलका, चढावर हिसका दिला की खाचेबाहेर पडे. हत्तीच्या पोटात मी शिसं भरलं होतं. त्याला हलवतानाच दमछाक व्हायची, पण चढाच्या माथ्यावर पोचला की पुढे स्वतःच्या भारानं सगळ्यांना मागे टाकी. सशाचं रीळ एका बाजूला निमुळतं होतं. आधी पळे, शेवटी रेंगाळे. मांजराची गाडी एका लयीतच चालायची, घाई केली की ती अडकून बसे. कोंबडा सगळ्यांत मधला, नवशिक्यांसाठी. प्रत्येकाचं एक बळ आणि एक खोड. दुकानात सहा जणांना उभं करून मी तीनशे शर्यती लावल्या आणि दारावर खडूनं रेघा ओढल्या. कुठलीच गाडी सेहेचाळीस विजयांच्या खाली आली नाही की चोपन्नच्या वर गेली नाही. असं यंत्र मी पुन्हा बनवलं नाही, आणि दुसऱ्या कुणी बनवलेलं पाहिलंही नाही.

मोर छाप तेलाचे मालक किसनराव स्वतः दुकानात येऊन मोराच्या हॅण्डलवर तीनदा हरले. चौथ्यांदा त्यांनी मला बाजूला घेऊन, मोर जरा जास्त जिंकेल असं काही करता येईल का, असं हळूच विचारलं. मी म्हटलं, मग त्याला शर्यत कशाला म्हणायचं. ते हसले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि पाचव्यांदा खेळून जिंकले.

खेळात उणिवाही होत्या, त्या लपवत नाही. हवा दमट असली की दोरी आखडायची. डावखुऱ्या माणसाला हॅण्डल जड जाई. आणि शर्यत अर्ध्या मिनिटात संपे, लोकांची हौस फिटायची नाही.

चित्रं माझ्या बायकोनं रंगवली. चांगुणाचे वडील अकोल्याला दुकानांच्या पाट्या रंगवत, त्यांचा हात तिला मिळाला होता. प्रत्येक मार्का पत्र्यातून कापून मी गाडीवर आडवा उभा केला, गाडीवान बसतो तसा. म्हणजे खेळणाऱ्याला मोराची पाठ आणि पिसारा दिसे, आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्यांना त्याचं तोंड समोरून येताना दिसे. चांगुणानं दोन्ही बाजू रंगवल्या.

सहावी गाडी तेवढी राहिली होती. आपला मार्का द्यायला पाचच व्यापारी तयार झाले, आणि हॅण्डलं तर सहा. तेव्हा कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारात मला मीनाकामाचा एक बिल्ला सापडला, पूर्वी रुईच्या गाठींवर ठोकत तसा. त्यावर एक पाठमोरी बाई होती. डोक्यावर पदर, कमरेवर घागर. खाली नाव नव्हतं. बाजारातल्या म्हाताऱ्या अडत्यांना दाखवला. कुणालाच हा मार्का कुणाचा ते सांगता आलं नाही. चित्र मला आवडलं. मी पत्रा कापला, चांगुणानं पाठीची बाजू हुबेहूब उतरवली, आणि मग ब्रश हातात धरून बसून राहिली. समोरून काय काढू, असं तिनं विचारलं. चेहरा कुणाचा काढायचा? मी म्हटलं, राहू दे. तिनं त्या बाजूला नुसता पिवळा रंग फासला.

ही गाडी मी सगळ्यांत साधी ठेवली. तिला जोर नव्हता, खोडही नव्हती. हॅण्डलाचे छत्तीस फेरे, की ती पोचली.

त्या हिवाळ्यात अमडापूरच्या यात्रेत आम्ही पहिल्यांदा तंबू लावला. मी हॅण्डलांच्या बाजूला उभा राहून शिटी वाजवी आणि रिळांवर लक्ष ठेवी. चांगुणा दाराशी बसे. पहिल्याच दिवशी इतकी गर्दी झाली, की कनातीचा एक खांब वाकला. माणसं मोराच्या, हत्तीच्या नावानं ओरडत होती. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

तंबूच्या पलीकडच्या टोकाला सोजराबाई नावाची एक बाई शेंगा घेऊन बसली होती. संध्याकाळी टोपली उचलताना ती मला म्हणाली, की बाकी चित्रं ठीक आहेत, पण त्या बाईचा चेहरा लय मायाळू काढला. मला वाटलं तिची काही गल्लत झाली. ती तर पाठमोरी आहे, मी म्हटलं.

"तुमच्याकून पाठमोरी," सोजराबाई म्हणाली. "इकडं तं समोरूनच येते नं."

ती गेल्यावर मी पलीकडे जाऊन पाहिलं. पिवळा पत्रा. ब्रशाचे केस ओढल्याच्या बारीक रेघा, आणि कोपऱ्यात रंगाचा एक ओघळ. चांगुणाला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, फुकटची तारीफ आहे, घ्या.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट माझ्या कानांनी टिपली. यंत्रावर काम करणारा माणूस डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त ओळखतो. शिटी वाजली की पलीकडून आरडाओरडा सुरू होई आणि गाड्या चढाला लागेपर्यंत वाढत जाई. गाड्या माथ्यावर आल्या की तो बंद व्हायचा. हळूहळू कमी होत नसे, एकदम तुटायचा. गाड्या उतरून टोकाला पोचेपर्यंत चाकांची घरघर तेवढी ऐकू येई. मग मी इकडून विचारी, कोण जिंकलं? निशाण वर उठलेलं असे, पण त्याच्याकडे पाहिलेला माणूस सापडत नसे.

सहावं हॅण्डल रिकामं असलं, म्हणजे हे होत नसे. तेव्हा पलीकडचे लोकच कुणाला तरी पुढे ढकलून ते हॅण्डल धरायला लावत.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक उंच म्हातारा माझ्याजवळ आला. धोतर स्वच्छ, पागोटं नीट बांधलेलं. चांगल्या घरचा दिसत होता. पंजाबराव असं नाव सांगितलं, इथलाच शेतकरी. त्याची बायको मंजुळाबाई सहा वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत तापानं गेली. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. तुम्ही तिला कुठं पाहिलं होतं, असं तो मला विचारत होता. मी कुणालाच पाहिलं नाही, तो कोरा पत्रा आहे, असं सांगून मी त्याला गाडीजवळ नेलं. त्यानं पत्र्यावरून बोट फिरवलं. मग पलीकडे जाऊन उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही.

मी कारण शोधलं, आणि ते मला सापडलं. चढावर गाडी मागे कलते. पत्रा कलला की तंबूच्या फटीतलं ऊन चकचकीत पिवळ्या रंगावर पडतं, आणि लखलखीत कोऱ्या जागेवर माणसाला चेहरा दिसू शकतो, ढगात हत्ती दिसतो तसा. ज्याला जो आठवतो तो त्याला दिसतो. इतकं सरळ आहे. घरी आल्यावर मी पिवळा रंग खरवडला आणि त्या बाजूला लाल ऑक्साइडचे दोन हात दिले. त्याला चमक मुळीच नसते.

पुढच्या वर्षी आम्ही मेहकरला गेलो. तंबूला मी आतून काळं कापड लावलं होतं. पहिलीच शर्यत, आणि गाड्या माथ्यावर आल्या तसा आवाज तुटला.

मला राग आला. भीती नव्हती, रागच होता. हत्तीला उतारावर किती वेग यावा याचा हिशेब मी दोन महिने घातला होता, मांजराची लय साधायला अकरा वेळा खाच तासली होती, आणि लोक एका कोऱ्या पत्र्याकडे पाहायला येत होते. तरी पलीकडे जाऊन पाहावं असं मला वाटलं नाही. हॅण्डलांजवळ माझी गरज असते, असं मी स्वतःला सांगत असे. ते खरंही होतं.

पंजाबराव मेहकरला आला होता, एस्टी बदलून. त्याच्याबरोबर अमडापूरची आणखी चार-पाच माणसं होती. त्यानं मला हात जोडून नमस्कार केला. वर्षभरात तो वाळला होता. मी सहज म्हटलं, एवढ्या लांब कशाला आलात, एकदा पाहिलं ते मनात राहिलं असेल की.

"पयले डोळे मिटले का दिसे ते मले," तो म्हणाला. "चूल फुकताना, हसताना, सारी दिसे. तुमच्या इथं पाह्यलं त्या दिवसापासून नाई दिसत. आता फक्त इथंच दिसते, मिस्तरी. मंग येनं पडते."

बाकीच्यांचंही तेच होतं, असं तो म्हणाला. एका बाईला आईचा आवाज आठवायचा, हात आठवायचे, पण आठवणीत नजर चेहऱ्यापर्यंत नेली की तिथे काही नसायचं.

मी ते बोलणं मनावर घेतलं नाही. म्हातारपणी विसर पडतो. पण चांगुणा जवळच उभी होती, तिनं ते ऐकलं. शेवटच्या दिवशी मी शिटी वाजवली आणि मान वर केली, तर दाराजवळची तिची जागा रिकामी. ती पलीकडच्या गर्दीत, सगळ्यांच्या पुढे उभी होती. गाड्या माथ्यावर आल्या. आवाज तुटला. चांगुणा टेबलाकडे पाहत होती, आणि मग तिनं एकदम नजर वर करून माझ्याकडे पाहिलं. हातातलं काहीतरी खाली पडल्यासारखा तिचा चेहरा झाला.

काय पाहिलंस, असं मी नंतर विचारलं. घरी जाऊ, एवढंच म्हणाली.

खामगावला आल्यावर दोन दिवसांनी, दिवेलागणीला, मी बाजारातून घरी आलो. चपला काढून न बोलता आत गेलो. चांगुणा तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून ती घाईनं उठली, पदर पुढे ओढला आणि भिंतीशी सरकून उभी राहिली. परका माणूस घरात आल्यावर बाई उभी राहते तशी. मी म्हटलं, अगं, काय झालं? माझा आवाज ऐकल्यावर तिनं श्वास सोडला आणि पुन्हा खाली बसली. काही नाही, म्हणाली.

असं त्या वर्षात चार-पाच वेळा झालं. मग मला दारातूनच खाकरायची सवय लागली. का, ते आम्ही कधी बोललो नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात ती म्हणाली, पाचच गाड्या न्या. सहावं हॅण्डल काढून ठेवा. मी ऐकलं नाही. यंत्र सहाचं होतं, तोल सहाचा होता, एक गाडी काढली तर टेबल लंगडं दिसलं असतं. आणि लोकांच्या बोलण्यावरून मी माझ्या हातचं काम मोडायचं, हे मला पटणारं नव्हतं. आता वाटतं, हा माझा ताठा होता. पण त्या ताठ्यातूनच ते यंत्र इतकं चांगलं झालं होतं.

जानेवारी १९६९. हिवरा आश्रमाचा उत्सव होता. सरकी नेणाऱ्या एका ट्रकमध्ये टेबलाचे तुकडे टाकून आम्ही दोघं ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. मैदानावर माणसांचा पूर होता. पंजाबराव आमच्याआधीच येऊन तंबूच्या जागेवर बसला होता. दुपारी महाप्रसादाची पंगत सुरू झाली तसा मैदानाचा हा भाग रिकामा झाला. पंजाबरावही जेवायला गेला. तंबूत मी आणि चांगुणा दोघंच उरलो. बाहेर कर्ण्यावर कुणीतरी पंगतीला सूचना देत होतं, आणि पुऱ्या तळल्याचा वास येत होता. लख्ख दुपार होती.

मी तिला म्हटलं, तू सहावं हॅण्डल फिरव. मी पलीकडे उभा राहतो. हे एकदाचं संपवून टाकू.

"नका पाहू," चांगुणा म्हणाली.

"काऊन?"

"एकदा तिथं पाह्यलं का मंग आपल्यापाशी नाई राहत ते."

मी म्हटलं, तो पत्रा मी कापला आहे. कात्री माझी, माप माझं. त्यात पत्र्याशिवाय काही असेल तर मला कळायला नको? आणि खरं सांगायचं तर मनात आणखी एक होतं. माझी आई मला जन्म देऊन आठव्या दिवशी गेली. तिचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. माझ्यापाशी जे नाहीच ते जाणार कसं, आणि दिसलं तर बरंच, असा हिशेब मी केला होता. तो तिला सांगितला नाही.

मी पलीकडे जाऊन उभा राहिलो. तिनं हॅण्डल धरलं.

रीळ करकरलं. दोरी ताणली. गाडी निघाली.

लाल ऑक्साइडचा सपाट पत्रा माझ्याकडे येत होता. मी मनात फेरे मोजत होतो. आठ. नऊ. दहा. चाकांचा आवाज स्वच्छ होता, कुठेही घासत नव्हता. मला बरं वाटलं.

सतराव्या फेऱ्याला गाडी चढाला लागली. पत्रा मागे कलला.

अजूनही पत्राच.

मग ती माथ्यावर आली.

आई नव्हती ती. चांगुणा होती.

रंगवलेली नव्हती. पत्र्याच्या जागी तिचा चेहरा होता, हातभर अंतरावर असावा इतका स्पष्ट, माझ्याकडे पाहणारा. हनुवटीजवळचा तीळ. डाव्या भुवईतला तुटका केस. ओठांच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ होती, ती एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. इतकं बारीक काम मला करता आलं नसतं. हे ज्यानं केलं तो माझ्यापेक्षा मोठा कारागीर, असं मनात आलं, आणि त्याही क्षणी मला अभिमान वाटला, की हे माझ्या गाडीवर बसून आलं.

गाडी उतरली. थांबली.

लाल पत्रा होता.

मी मान वर केली.

पलीकडच्या टोकाला, हॅण्डल धरून, एक बाई उभी होती.

हिरवं लुगडं. मध्यम बांधा. ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर सगळं जागच्या जागी होतं. नाक, डोळे, कपाळावर कुंकू. पण मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तंबूत दुसरं कुणी नसल्यामुळे ती चांगुणा असणार, हे मला कळत होतं.

"पाह्यलं?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. कुणाला, ते तिनं विचारलं नाही. बहुतेक तिला ठाऊक होतं. ती खाली पाहून लुगड्याचा काठ नीट करत राहिली. मग, प्यायला पाणी आणते, म्हणाली, आणि तांब्या घेऊन बाहेर गेली.

मी खेळ मोडायला घेतला. बोल्ट काढले, दोऱ्या गुंडाळल्या. त्या दिवसानंतर ते टेबल मी पुन्हा जोडलेलं नाही. यंत्रात दोष निघाला म्हणून नव्हे. कुणी तपासून पाहावं, दोष निघणार नाही.

पंजाबराव जेवून आला तेव्हा तिन्ही तुकडे ट्रकमध्ये चढले होते. पुढची यात्रा कुठली, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आता कुठलीच नाही.

तो ट्रकच्या फळीला धरून उभा राहिला. "मंग मी तिले कुठं पाहू?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, रस्ता विचारावा तसं विचारलं. सहाव्या गाडीवरचा पत्रा मी स्क्रू काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि मला परत दिला. हालत्या गाडीशिवाय त्यात काही नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तो मैदान ओलांडून निघून गेला. पुढे तो किती जगला मला माहीत नाही.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. चांगुणा आली नव्हती. मी तिला आणायला पाण्याच्या टाकीकडे गेलो.

पंगत उठली होती आणि टाकीभोवती बायकांची दाटी होती. मी लांबून चेहरे पाहू लागलो, आणि काय शोधायचं तेच मला कळेना. तीळ आठवत होता. कुठल्या चेहऱ्यावरचा, ते आठवत नव्हतं. आणि पदर हनुवटीपर्यंत ओढलेल्या बायकांचे तीळ मी कसे पाहणार होतो? लुगडं हिरवं होतं, एवढं पक्कं. गर्दी पांगत गेली. शेवटी नळाजवळ हिरव्या लुगड्याच्या तिघी राहिल्या. तिघींच्या हातात पितळी तांबे होते. तिघी साधारण एकाच वयाच्या.

चारचौघांत बायकोला नावानं हाक मारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी चार पावलांवर जाऊन थांबलो आणि कर्ण्याच्या गोंगाटात ओरडून म्हटलं, "चल, ट्रक थांबला आहे."

तिघींनी माझ्याकडे पाहिलं. कुणाच्याच डोळ्यांत ओळख नव्हती. बराच वेळ गेला असं मला वाटलं, पण तो दोन-तीन श्वासांचा असेल. मग मधली पुढे आली, म्हणाली, "चला," आणि माझ्याबरोबर चालू लागली.

त्यानंतर आम्ही एकतीस वर्षं संसार केला. तिनं मला कधी काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. भली बाई होती. माझी तक्रार नाही.

ट्रक निघाला तेव्हा मी आरशात मागे पाहिलं होतं. नळाजवळच्या दोघींतली एक निघून गेली होती. दुसरी तांब्या हातात धरून तशीच उभी होती, आणि ट्रक मेहकरच्या रस्त्याला वळेपर्यंत आमच्याकडे पाहत होती.